देवयानीहून आलेले पाहुणे

२०२५च्या वसुबारसेची रात्र. खाप्याच्या आमच्या घराच्या गच्चीवर सतरंजी टाकून मी आणि माझी अकरा वर्षांची भाची बसलो होतो. दिवाळीला ती आईबरोबर आजोळी आलेली. कन्हानेकडून गार वारा सुटला होता, वर बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील डुलत होता, आणि आमच्या दोघांच्या मधे ठेवलेल्या मोबाइलवर परग्रहवासीयांनी एक अख्खे अंतराळयान ताब्यात घेतले होते.

त्यांची रीत अशी: कमरेच्या पट्ट्यावरचे बटण दाबायचे. समोरचा माणूस उगारलेल्या हातासकट थिजतो. त्याहून पुढे गेले की माणूस नाहीसाच होतो आणि तो उभा होता तिथे मुठीत मावेल एवढा पांढुरका ठोकळा उरतो. यानावर चारशेहून जास्त माणसे. चौघे सोडून सगळ्यांचे ठोकळे झाले. भाचीने पडद्याजवळ नाक नेऊन पाहिले, मग वर कंदिलाकडे पाहिले आणि हसत सुटली. "मामा, यांनी माणसांचे कंदील केले!"

खालून आईचा आवाज आला, "काय पाहून रायले वं तुम्ही? एवढी काहून हासून रायली?"

आम्ही पाहत होतो 'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेतला 'बाय एनी अदर नेम' हा भाग. २३ फेब्रुवारी १९६८ रोजी तो अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला गेला. ऐंशीच्या दशकात ही मालिका दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागे. तेव्हा आमच्या कौलांवर अ‍ॅल्युमिनियमचा अँटेना होता. एकाने वर चढून तो नागपूरच्या दिशेला फिरवायचा, दुसऱ्याने अंगणात उभे राहून ओरडायचे, "आलं का?" आणि घरातून उत्तर यायचे, "मुंग्याच दिसून रायल्या!" त्या मुंग्यांतून अधूनमधून टोकदार कानांचा स्पॉक दिसे, आणि तेवढ्यावर आमचा रविवार साजरा होई.

या भागातले आक्रमक स्वतःला केल्वन म्हणवतात. त्यांचा नेता रोजन. ते आले आहेत देवयानी, म्हणजे अँड्रोमेडा दीर्घिकेतून. तिथे प्रारण वाढत चालले आहे आणि दहा हजार वर्षांत ती राहण्याजोगी उरणार नाही, म्हणून त्यांचे लोक नव्या घराच्या शोधात आहेत. परतीचा प्रवास ३०० वर्षांचा, तेव्हा पोचणार ती त्यांची नातवंडे-पतवंडे. त्यांचा खरा देह अजस्र, शंभर हातपायांचा. यानात मावावे म्हणून त्यांनी माणसाचे रूप घेतले आहे. मालिका बनवणाऱ्यांच्या हाती बेताचा पैसा होता आणि शंभर हातपाय परवडणारे नव्हते, हे अकरा वर्षांच्या मुलीलाही कळते.

मग रोजन दोन ठोकळे हातात घेतो. त्यातला एक मुठीत चुरतो, आणि भुगा जमिनीवर पडतो. एक तरुण स्त्री संपली. दुसऱ्या ठोकळ्याचा पुन्हा धडधाकट माणूस होतो. इथे भाचीचे हसू थांबले. मला मात्र कच आठवला. असुरांनी कचाला मारले, जाळले, त्याची राख मद्यात कालवली, आणि शुक्राचार्यांनी संजीवनीने त्याला पुन्हा उभे केले. कोणासाठी? देवयानीसाठी. हॉलिवूडच्या लेखकांच्या ध्यानीमनी नसताना त्यांची गोष्ट आपल्या देवयानीच्या गोष्टीला जाऊन भिडते.

शेवट तर फारच गमतीचा आहे. या बलाढ्य लोकांना हरवते ते त्यांनीच घेतलेले माणसाचे शरीर. त्याला चव कळते, मद्य चढते, राग येतो, मत्सर होतो. ठोकळे न झालेल्या चौघांपैकी स्कॉटी एकाला दारू पाजून आडवा करतो, डॉक्टर मॅकॉय दुसऱ्याला चिडचिड होईल अशी सुई टोचतो, कप्तान कर्क रोजनच्या सहकारिणीशी गोड बोलतो आणि स्पॉक बुद्धिबळ खेळता खेळता रोजनच्या मनात मत्सराचे विष कालवतो. मारामारी होते, आणि मग कर्क त्याला विचारतो की तुम्ही इतके माणसांसारखे झाला आहात, तर तुमची पतवंडे देवयानीला पोचतील तेव्हा तिथले लोक त्यांना आपले मानतील का? इथेच रिकामा ग्रह देतो, राहा. आक्रमक आले होते, ते पाहुणे होऊन राहतात.

हसावे असा भाग आहे. पण त्यातला एकेक धागा धरून ओढावा, तर मागून सगळे विश्व उलगडत येते. त्या रात्री आमचे तसेच झाले.

कंदील, संत्री आणि सोने

पहिला धागा भाचीनेच धरला होता. तो ठोकळा खरोखरच कंदिलाच्या आकाराचा आहे. आमचा कंदील जुन्या घाटाचा. वर एक चौकोन, खाली एक चौकोन, चारही बाजूंना टोकावर उभे केलेले चार चौकोन, आणि मधल्या जागा भरणारे आठ त्रिकोण. आम्ही मोजायला बसलो. १४ पृष्ठे, २४ कामट्या, १२ सांधे. मालिकेतल्या ठोकळ्याचा आकार नेमका हाच.

या आकृतीची एक खुबी आहे. तिच्या केंद्रापासून प्रत्येक सांध्याचे अंतर कामटीच्या लांबीएवढेच असते. मी खालून संत्र्यांची टोपली वर आणली. आंबिया बहाराची संत्री घरात आलेली होती. फळवाला रचतो तसा ढीग रचला: खाली चौकोनी थर, त्यातल्या खळग्यांमध्ये दुसरा थर, त्याच्या खळग्यांमध्ये तिसरा. आता ढिगाच्या पोटातल्या एका संत्र्याकडे पाहा. त्याला चार संत्री त्याच्याच थरात चिकटली आहेत, चार वरून, चार खालून. एकूण बारा. त्या बारा संत्र्यांचे मध्यबिंदू मनातल्या मनात काड्यांनी जोडले की होतो आकाशकंदील!

सारख्या आकाराचे गोळे याहून दाटीने रचताच येत नाहीत, असे योहानेस केप्लरने १६११ साली सांगितले होते. ते सिद्ध करायला गणितज्ञांना जवळजवळ चारशे वर्षे लागली. १९९८ साली थॉमस हेल्स यांनी संगणकाच्या मदतीने सिद्धता दिली. नागपूरच्या बाजारातल्या फळवाल्याचा हात जे सहज करतो, त्याची खात्री पटवायला इतके दिवस गेले. निसर्गालाही ही रचना पूर्वीपासून ठाऊक आहे. सोने, चांदी, तांबे, अ‍ॅल्युमिनियम या धातूंतले अणू अशाच थरांनी बसलेले असतात. आईच्या हातातल्या पाटल्यांमध्ये प्रत्येक अणूभोवती बारा अणूंचा एकेक अदृश्य कंदील आहे. अँटेनाच्या नळीतही तोच होता.

किती लांबून आले ते?

"पण देवयानी आहे कुठे?" भाचीने विचारले.

वसुबारसेला चंद्र पहाटेच्या सुमारास उगवतो, म्हणजे संध्याकाळचे आकाश काळेभोर. आम्ही कंदील विझवला, गल्लीतला दिवा पाण्याच्या टाकीआड येईल असे बसलो आणि दहा मिनिटे मोबाइलला हात लावला नाही. उत्तरेकडे शर्मिष्ठा वर आली होती, पाच ताऱ्यांची, एम अक्षरासारखी. त्या अक्षराचा जो कोन जास्त टोकदार, तो बाणासारखा वर बोट दाखवतो. त्या रोखाने गेले की जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला, देवयानी तारकासमूहात एक पुसट डाग आहे. त्याच्याकडे थेट पाहिले तर तो हरवतो. नजर जरा बाजूला ठेवली की दिसतो. डोळ्याच्या मधल्या पेशी रंग आणि बारकावे टिपतात, मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात कडेला. त्यामुळे साध्या डोळ्यांना सहज दिसणारी सर्वांत दूरची वस्तू डोळ्याच्या कोपऱ्यातूनच पाहावी लागते.

तो डाग म्हणजे अब्जावधी सूर्यांची दीर्घिका. अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे. साध्या डोळ्यांना आपण होऊन भेटणारी इतक्या लांबची दुसरी गोष्ट बहुतेकांना आयुष्यात दिसत नाही. त्या रात्री आमच्या डोळ्यांत शिरलेला उजेड तिथून निघाला, तेव्हा पृथ्वीवर आपले पूर्वज दगडाला धार काढायला शिकत होते. सगळा मानवी इतिहास त्या उजेडाच्या वाटचालीत मावतो.

आता रोजनचा हिशेब पाहू. २५ लाख प्रकाशवर्षांचा रस्ता ३०० वर्षांत. भाचीने मोबाइलवर भागाकार केला. प्रकाशाच्या वेगाच्या आठ हजार पटींहून जास्त! प्रकाशाच्या वेगाला कोणतीही वस्तू गाठू शकत नाही, मग आठ हजार पट कुठली? माणसाने सोडलेले सर्वांत दूर गेलेले यान म्हणजे व्हॉयेजर-१. ते सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जाते. डोळ्याचे पाते लवेपर्यंत गावाच्या बाहेर. त्या वेगाने एक प्रकाशवर्ष तोडायला साडेसतरा हजार वर्षे लागतात, आणि देवयानी गाठायला ४४ अब्ज. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे. म्हणजे विश्व जन्मले त्या क्षणी व्हॉयेजर निघाले असते, तरी आज तिसरा हिस्साही रस्ता कापून झाला नसता.

"म्हणजे देवयानीहून कोणी येत नाही," ती जरा हिरमुसून म्हणाली.

कोणी येत नाही, पण देवयानी स्वतः येते आहे. १९१२ साली व्हेस्टो स्लायफर या अमेरिकी खगोलज्ञाने तिचा प्रकाश वर्णपटात पसरवून पाहिला. त्यातल्या रेषा निळ्या टोकाकडे सरकलेल्या होत्या. जवळ येणाऱ्या गाडीचा भोंगा जसा बारीक आवाजाचा होतो, तसा जवळ येणाऱ्या ताऱ्याचा प्रकाश निळ्याकडे झुकतो. आपली आकाशगंगा आणि देवयानी सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने एकमेकींकडे सरकताहेत. तासाभरात पृथ्वी ते चंद्र एवढे अंतर कमी होते. आम्ही तो भाग पाहून संपवला तेवढ्यात ती जवळजवळ चंद्राच्या अंतराएवढी आणखी जवळ सरकली! दोघींची धडक ठरलेलीच आहे असे अनेक वर्षे मानले जात होते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने शेजारच्या लहान दीर्घिकांची ओढही हिशेबात धरली, आणि येत्या १० अब्ज वर्षांत धडक होण्याची शक्यता साधारण निम्मीच ठरली. होईल किंवा राहील. झाली तरी तारे एकमेकांपासून इतके दूर असतात की दोन दीर्घिका एकमेकींतून जाताना क्वचितच तारा ताऱ्यावर आपटेल.

गुरू, शिष्य आणि फुगा

देवयानी दूरचित्रवाणीवर त्याआधीही येऊन गेली होती. १९६१ साली बीबीसीने 'ए फॉर अँड्रोमेडा' नावाची सात भागांची मालिका दाखवली. ती लिहिणाऱ्या दोघांतले एक होते केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल. त्यांनी प्रवासाचा प्रश्नच काढून टाकला. त्यांच्या गोष्टीत कोणी येत नाही, येतो फक्त संदेश. देवयानीच्या दिशेकडून रेडिओ लहरी येतात, शास्त्रज्ञ त्या उलगडतात, आणि त्यात निघते एक यंत्र बांधायची कृती. माणसे स्वतःच्या हातांनी ते यंत्र बांधतात, आणि ते यंत्र एक जिवंत देह घडवते. त्या देहाची भूमिका केली होती आसामात जन्मलेल्या ज्युली ख्रिस्तीने. आक्रमण करणाऱ्याने पाऊलही उचलायचे नाही, बांधकाम यजमानानेच करायचे! त्या सात भागांतला एकच भाग आज अखंड उरला आहे. पण तो विचार काही पुसला गेला नाही. तसा संदेश आलाच तर तो ऐकणारे कान महाराष्ट्रातही आहेत: नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आकाशाकडे तोंड करून उभी आहे.

ही मालिका लागत होती तेव्हा हॉयल यांच्याकडे एक मराठी तरुण संशोधन करत होता. कोल्हापुरात जन्मलेला, बनारसला वाढलेला. जयंत विष्णू नारळीकर. गुरूने कादंबऱ्या आणि मालिका लिहाव्यात आणि त्याच हाताने ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्ये कशी शिजतात याचे गणित मांडावे, हे त्यांनी जवळून पाहिले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने एक कथा आली, 'कृष्णविवर'. तिला पहिले बक्षीस मिळाले. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी केली की तो लेखक सापडतो. पुढे 'यक्षांची देणगी' आली, 'प्रेषित' आली, आणि परग्रहावरचे जीव मराठी घरांतल्या फडताळात येऊन बसले.

गोष्टींवर न थांबता नारळीकरांनी तोच प्रश्न प्रयोगशाळेत नेला. हॉयल आणि त्यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांचे म्हणणे होते की जीवाणू अंतराळातून धूमकेतूंबरोबर प्रवास करत असतील आणि त्यांचा अदृश्य शिडकावा पृथ्वीवर होत असेल. आता हे तपासायचे कसे? जमिनीवरची हवा घेऊन उपयोग नाही, ती आपल्याच जंतूंनी भरलेली. इतके वर जायचे की खालची धूळ तिथे पोचणे फार अवघड व्हावे. भारतीय शास्त्रज्ञांनी त्यासाठी फुगा उडवला.

२००१ साली एकदा आणि २० एप्रिल २००५ रोजी पुन्हा, हैदराबादच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून. २००५च्या फुग्याखाली ४५९ किलोचे उपकरण टांगले होते. त्यात पोलादाच्या १६ नळ्या, आतून निर्जंतुक केलेल्या आणि हवा काढून घेतलेल्या. त्यांच्याभोवती ३८ किलो द्रवरूप निऑन. निऑनची थंडी इतकी कडक की नळीचे तोंड उघडले की बाहेरची विरळ हवा आत ओढली जाऊन गोठून बसे. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने घेऊन नळ्या हवाई छत्रीने खाली उतरल्या आणि हैदराबाद व पुण्याच्या प्रयोगशाळांत गेल्या.

सापडले काय? जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती. त्यातले तीन जीवाणू विज्ञानाला सर्वस्वी नवे होते. एकाला हॉयल यांचे नाव दिले, दुसऱ्याला इस्रोचे, तिसऱ्याला आर्यभटाचे. जमिनीवरच्या नातेवाइकांपेक्षा ते अतिनील किरण जास्त सोसत होते. २००९ साली इस्रोने हे जाहीर केले, आणि त्यातच स्पष्ट सांगितले की हे जीव बाहेरून आले असे यावरून सिद्ध होत नाही. मला हा सगळा उद्योग त्या मालिकेइतकाच अद्भुत वाटतो. परग्रहवासी आले आहेत का, हे पाहायला आपल्या माणसांनी आकाशाच्या छतापर्यंत सोळा बाटल्या पाठवल्या, आणि जे मिळाले त्यापेक्षा एक शब्दही जास्त बोलले नाहीत. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्या गच्चीवर मी भाचीला त्यांचे नाव सांगितले, तेव्हा ती त्यांच्या पश्चात आलेली पहिली दिवाळी होती.

आपल्या विदर्भात उतरलेले

"पण खरंच कोणी आलंच नाही का कधी? इथं?"

आले की. काटोलला! खाप्याहून काटोल सरळ रेषेत ५० किलोमीटरही नाही. २२ मे २०१२ची दुपार, विदर्भातला मे महिना. आकाशात कडाडले आणि काटोल परिसरात दगड पडले, काही तर घरांच्या छपरांतून आत. बाहेरून काळे, जणू तव्यावर करपलेले, कारण हवेतून येताना त्यांची वरची साल वितळून गेलेली. आतून राखाडी. ते पृथ्वीचे नव्हतेच. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातल्या एखाद्या लघुग्रहाचे ते तुकडे, जन्म साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचा, सूर्यमाला घडत असतानाचा.

पुढची गोष्ट ऐकताना मी दर वेळी थबकतो. आमच्या खाप्याला खाण नवी नाही. शेजारी गुमगावची मँगनीजची खाण आहे, जमिनीखाली उतरून खनिज आणणारी माणसे इथे घरोघरी आहेत. पण पृथ्वीच्या पोटात सर्वांत जास्त जे खनिज आहे, ते कोणत्याच खाणीतून आजवर वर आलेले नाही. त्याचे नाव ब्रिजमनाइट. ते ६६० किलोमीटरच्या खाली असते, प्रचंड दाबाखाली, आणि दाब गेला की ते टिकत नाही. २०२१ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केले की काटोलच्या दगडांत ब्रिजमनाइटचे सूक्ष्म स्फटिक आहेत. अंतराळात दोन लघुग्रह एकमेकांवर आदळले, क्षणभर तसाच भयंकर दाब आणि उष्णता निर्माण झाली, आणि ते पटकन थंड झाल्याने स्फटिक तसेच टिकले. आपल्या पायांखाली जे आहे आणि आपल्याला कधी दिसत नाही, ते काटोलच्या छपरावर आकाशातून येऊन पडले.

दुसरे पाहुणे २ एप्रिल २०२२ रोजी आले, गुढीपाडव्याच्या रात्री. विदर्भभर लोकांनी अंगणातून पाहिले: आकाशातून पेटत्या रेषांची माळच चालली होती. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले, आणि परिसरात धातूचे गोळेही सापडले. उडती तबकडीच म्हणा! ते निघाले चिनी रॉकेटचे अवशेष, वर्षभरापूर्वी सोडलेल्या. तेव्हा जे परग्रहावरून आल्यासारखे वाटले, ते आपणच वर पाठवलेले होते आणि घरी परतले होते.

मुंग्या आणि रोहिणी

मग मी तिला मुंग्यांची गोष्ट सांगितली. जुन्या टीव्हीवर स्थानक लागले नाही की पडदाभर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची पळापळ दिसे. अँटेनाला हवा असे तो कार्यक्रम, पण तो टिपत असे सगळेच: शेजारची मोटार, लांबची वीज, स्वतःच्या तारांमधली ऊब. आणि त्या मुंग्यांतली शंभरातली साधारण एक मुंगी विश्वाच्या आरंभाची असे. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश १३.८ अब्ज वर्षे ताणला जात जात रेडिओ लहरी होऊन आजही सगळीकडून येतो आहे. १९६५ साली पेंझियस आणि विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांना तो सापडला.

महास्फोटाला 'बिग बँग' हे नाव दिले फ्रेड हॉयल यांनीच, १९४९ साली बीबीसी रेडिओवर. ती कल्पना त्यांना पटलेली नव्हती. विश्वाला आरंभ नाही, ते सदाचेच आहे असे ते मानत, आणि नारळीकरांनीही तो पक्ष आयुष्यभर मांडला. पेंझियस-विल्सन यांच्या शोधानंतर बहुतेक शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला गेले. तरी गुरू-शिष्य नवनवी गणिते मांडत राहिले. आम्ही खाप्याच्या घरात ज्या मुंग्यांना वैतागून अँटेना हलवत होतो, त्या मुंग्यांवर केंब्रिज आणि पुण्यात माणसांनी आयुष्ये वेचली होती.

अँटेनाकडे येणारी लाट पुढेही जाते. मनोऱ्यावरून निघालेली दूरचित्रवाणीची लाट घरांच्या छपरांवर थांबत नाही, ती क्षितिजावरून थेट अवकाशात निसटते. १९६८च्या त्या रात्री अमेरिकेत केल्वन पडद्यावर आले आणि त्याच क्षणी प्रकाशाच्या वेगाने बाहेरही निघाले. तेव्हापासून त्यांचा गोळा वाढतो आहे. वाटेत तो इतका क्षीण होतो की आपल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणींसारख्या कानांनाही तो ऐकू येणे कठीण. पण तो जातो आहे. वायव्येला मावळतीकडे झुकलेल्या अभिजित ताऱ्याकडे मी बोट दाखवले. तो २५ प्रकाशवर्षांवर, म्हणजे त्याच्याजवळून हा भाग १९९३ साली गेला. मग पूर्वेला, नुकत्याच वर आलेल्या तांबूस रोहिणीकडे. ती सुमारे ६६ प्रकाशवर्षांवर. आमचा गोळा अजून ५८ला पोचतो आहे.

"म्हणजे रोहिणीने हा भाग अजून पाहिलाच नाही?"

"आठेक वर्षं आहेत अजून."

तिने बोटांवर हिशेब केला. "तेव्हा मी एकोणीस वर्षांची असेन," ती म्हणाली, आणि गप्प झाली. ज्यांनी परग्रहवासी म्हणून साधी माणसे उभी केली, ज्यांनी माणसांचे ठोकळे केले, त्यांचे ते भाबडे नाटक खरोखरच ताऱ्यांकडे निघाले आहे. आपल्या बाजूने निघालेला तो निरोप आहे: आम्हाला तुमची भीती वाटते, आणि शेवटी आम्ही तुम्हाला राहायला जागा देतो.

आई जिना चढून वर आली. "अंधारात काय करून रायले?" भाचीने तिचा हात धरून तिला सतरंजीवर बसवले आणि शर्मिष्ठेच्या टोकापासून बोट नेत नेत सांगू लागली, "आजी, थेट बघू नकोस. नजर जराशी बाजूला ठेव."

आमच्या घरात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत माग होता. आईने लहानपणी सूत काढलेले आहे. ती बराच वेळ वर पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "दिसलं वं. पेळूवानी हाय. पांढरं, मऊ, लांबट."

२५ लाख वर्षांचा प्रवास करून आलेला तो पाहुणा तिच्या डोळ्यांत उतरला होता.